यादीत नसलेली मुलगी

आम्ही तिला घड्याळ म्हणायचो. तिच्या हातात घड्याळ नसायचं, तरी तिला वेळ बरोबर कळायची. गप्पा कितीही रंगात आलेल्या असोत, पाच वाजून पाच मिनिटं झाली की ती उठायची, पिशवी खांद्याला लावायची आणि चालू पडायची. सव्वापाचला कॉलेजच्या स्टॉपवर तिच्या दादाची बस यायची. दादा त्या बसचा ड्रायव्हर होता. सकाळीही तो तिला त्याच बसने सोडायचा. ती उतरून गेटमधून आत जाईपर्यंत बस हलायची नाही. मागचे लोक कुरकुरायचे, पण दादा एकदा हॉर्न वाजवायचा, ती वळून हात करायची, आणि मगच गिअर पडायचा.

वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि दादा नववीत होता. आई त्याआधीच गेली होती. दादाने शाळा सोडली, एका गॅरेजमध्ये हात काळे केले आणि पुढे बसवर लागला. बहीण सायन्सला गेली ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. डेपोतले त्याचे सोबती तिला सायंटिस्ट म्हणायचे. पहिल्या वर्षाला ती चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा दादाने सगळ्या डेपोला चहा पाजला.

आमचा कट्टा म्हणजे लायब्ररी आणि प्रयोगशाळेच्या मधली कमरेएवढी भिंत. लांबू, मी आणि घड्याळ असे आम्ही तिघं. लांबूचे पाय तिथे बसूनही जमिनीला टेकायचे, म्हणून तो लांबू. माझ्या चष्म्यामुळे मी चष्मा. भिंतीवर ऊन आलं की कॅन्टीनमधलं कोपऱ्यातलं टेबल. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कुणाचं तरी जुनं जर्नल घातलेलं होतं. कॅन्टीन भरलं की गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातलं बाकडं. दुकानदार काही बोलायचा नाही, फक्त मशीनचा आवाज आमच्या आवाजापेक्षा कमी पडायला लागला की मान वर करून बघायचा.

दुसऱ्या वर्षी घड्याळला कट्ट्याची चटक लागली. आधी ती एखादा तास बुडवायची, मग आठवड्यातले चार-पाच. तास आम्हीही बुडवायचो, पण शेवटच्या महिन्यात रट्टा मारून निभावून न्यायची कला आम्हाला होती. तिला ती नव्हती. समजल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही, आणि समजायला तासाला बसावं लागायचं. आम्ही तिला कधी म्हटलं नाही की आज जा म्हणून. उलट ती उठायला लागली की लांबू तिची पिशवी ओढून धरायचा.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. पण जसं घडलं तसंच सांगते.

निकाल लागला तेव्हा सुट्टी होती. ती एकटीच बोर्डावर बघायला गेली. सहापैकी चार विषय गेले होते. दोनपेक्षा जास्त राहिले तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, वर्षभर घरी बसून तेवढे पेपर पुन्हा द्यायचे, असा नियम होता. ती बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली. मग स्टॉपवर आली. दादाची बस आली, दाराशीच त्याने भुवया उंचावून विचारलं, आणि तिने मान डोलावली. ती सांगायची, की तोंड उघडलं असतं तर कदाचित खरंच बाहेर पडलं असतं. पण मान आपोआप हलली. त्या संध्याकाळी डेपोत पुन्हा चहा झाला.

एकदा हललेली मान परत कशी घ्यायची? तिने मनात हिशोब मांडला, की वर्षभर कुणाला कळू द्यायचं नाही, चारही पेपर काढायचे आणि मुकाट्याने तिसऱ्या वर्षात जाऊन बसायचं. घरी त्या जादा वर्षाचं काय सांगायचं, ते तेव्हाचं तेव्हा बघू. तिसऱ्या वर्षाला एकच मुख्य विषय घ्यावा लागतो. आम्ही दोघांनी रसायनशास्त्र घेतलं होतं. तिने आम्हाला गणित घेतल्याचं सांगितलं. गणिताचे तास वेगळ्या इमारतीत असायचे, त्यामुळे ती वर्गात दिसत नाही याचं आम्हाला काहीच वाटलं नाही.

खरी पंचाईत सकाळची होती. दादाच्या डोळ्यांदेखत तिला गेटमधून आत जावंच लागायचं. त्या वर्षी कॉलेजने ओळखपत्रं बदलली होती. तिसऱ्या वर्षाचं हिरवं होतं आणि तिच्याकडचं जुनं, पिवळं. पहिले काही दिवस वॉचमनने ओळखीचा चेहरा म्हणून सोडलं. मग एक दिवस त्याने नवीन कार्ड मागितलं. तिने हरवलं म्हणून सांगितलं. त्याने सोमवारपर्यंत मुदत दिली. सोमवारपासून ती गेटच्या आत दोन पावलं जाऊन थांबायची, वॉचमनला वेळ विचारायची, तो खिशातून घड्याळ काढून बघेपर्यंत बस निघालेली असायची, आणि ही परत फिरायची. हा वॉचमन पुढे आम्हाला म्हणाला, "तुमची ती घड्याळ मला रोज वेळ विचारायची. मला वाटलं, डोक्यात फरक आहे."

तिथून ती दोन गल्ल्या पलीकडच्या सार्वजनिक वाचनालयात जायची. म्हातारे लोक पेपर वाचत बसायचे, त्यांच्यात ही एक मुलगी, पुढ्यात दुसऱ्या वर्षाची पुस्तकं. ज्या वर्षी तिचं नाव कॉलेजात नव्हतं त्याच वर्षी ती खरा अभ्यास करायला लागली. दुपारी ती कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत यायची, आमच्यात बसायची, गणिताच्या सरांच्या नकला करायची. त्या सरांचा एकही तास ती बसलेली नव्हती. नकला मात्र हुबेहूब असायच्या, कारण सर कॅन्टीनमध्ये चहाला यायचे आणि ही त्यांच्याकडे टक लावून बघत बसायची.

ती वाळत चालली होती, हे मला दिसत होतं. विचारलं तर म्हणायची, गणित फार अवघड आहे. दार वाजलं की दचकायची. तिने वरच्या खिशात रुमालाखाली ते पिवळं कार्ड लपवलेलं असायचं, आणि बोलता बोलता तिचा हात सारखा तिकडे जायचा.

असे सात महिने गेले. परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला मी आणि लांबू कॅन्टीनमध्ये होतो. आमच्या टेबलापाशी खाकी कपड्यातला एक माणूस येऊन उभा राहिला. हात धुतलेले होते, पण नखांत काळं वंगण अडकलेलं. मी त्याला आजवर फक्त बसच्या काचेतून पाहिलं होतं, तरी लगेच ओळखलं; त्यानेही आम्हाला लांबूच्या उंचीवरून आणि माझ्या चष्म्यावरून ओळखलं होतं. दादाने सांगितलं, की गेटसमोरच बस गरम होऊन बंद पडलीय, डेपोतून माणूस यायला तासभर लागेल, कंडक्टर गाडीपाशी आहे. बोलताना तो थोडा लाजत होता.

"एवढी वर्षं दारावरनं गाडी नेतो, आत कधी आलोच नाही," तो म्हणाला. "ती कुठल्या बाकावर बसते, तेवढं लांबून बघून जातो. तिला कळवूही नका."

मी उठले. मला त्यात आनंदच वाटला, हे आज लिहितानाही बोचतं. मी म्हटलं, गणिताचा तास चालू असेल, दुसऱ्या मजल्यावर, चला मी दाखवते. लांबूही निघाला. जिन्यात दादा भिंतीवरच्या सगळ्या पाट्या वाचत होता. वर्गाबाहेर त्याने आधी चपला पायपुसण्यावर घासल्या, मग दाराच्या काचेतून आत डोकावला. एकेका बाकावरून त्याची नजर फिरत गेली. शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि परत पहिल्या रांगेवर आली.

"दिसत नाही," तो म्हणाला.

तास सुटला तेव्हा मी सरांना विचारलं. सरांनी नाव पुन्हा विचारलं. मग हजेरीची वही उघडली, बोट खाली नेलं, पान उलटलं. या नावाचं माझ्याकडे कुणी नाही, ते म्हणाले, आणि दुसऱ्या तासाला निघून गेले. लांबूने माझ्याकडे पाहिलं. मला अजूनही वाटत होतं की वहीत काहीतरी चूक असेल. दादालाही तसंच वाटलं. आपण ऑफिसात विचारू, नाव चुकून दुसरीकडे गेलं असेल, असं तोच म्हणाला. आणि आम्ही त्याला ऑफिसात घेऊन गेलो.

नेमक्या त्याच वेळी घड्याळ झेरॉक्सच्या दुकानात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढून घेत होती. बाहेर बघते तर समोर बस उभी. बॉनेट उघडं, वाफ निघतेय, लोक खाली उतरून उभे. नंबर दादाच्याच गाडीचा. ती मशीनच्या आड सरकली. मग तिला दिसलं की ड्रायव्हरची सीट रिकामी आहे. कंडक्टर एकटाच चाकाशी उभा होता. दादा बॉनेटपाशी नव्हता, पाण्याच्या नळापाशी नव्हता, टपरीवर नव्हता. दुकानदार तिला सुटे परत देत होता. ते न घेताच ती रस्ता ओलांडून पळाली. वॉचमनसमोर ती थांबली नाही, आणि त्यानेही अडवलं नाही. आम्हाला दादाबरोबर जाताना त्याने पाहिलं होतं; त्याने फक्त ऑफिसच्या दिशेने बोट केलं.

ऑफिसातल्या खिडकीत एक पोक्त बाई बसायच्या. आवाज करडा, पण काम चोख. त्यांनी तिसऱ्या वर्षाची यादी दोनदा बघितली. दादाने आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. बाईंनी मग दुसरं रजिस्टर काढलं.

"ही मुलगी दुसऱ्या वर्षाला होती," त्या म्हणाल्या. "चार विषय राहिलेत. यंदा तिला प्रवेशच नाही."

दादाने विचारलं, म्हणजे ती कॉलेजात येत नाही? बाई म्हणाल्या, आमच्या हिशोबी नाही. त्यांचा आवाज जरा उतरला होता. दादाने खिडकीच्या कडेला ठेवलेला हात काढून घेतला. तिथे वंगणाचा एक पुसट डाग उमटला होता, तो त्याने रुमालाने पुसला. "बरं," असं म्हणून तो वळला, आणि ती कॉरिडॉरच्या टोकाला उभी होती.

ती धापा टाकत होती. आमच्यामध्ये असेल वीस पावलांचं अंतर. दादा चालत तिच्यापर्यंत गेला. मला वाटलं तो आता हात उचलेल. लांबू पुढे सरकलासुद्धा. पण दादाने विचारलं, "जेवलीस?" तिने मान हलवून नाही म्हटलं. "जेवून घे. सव्वापाचला ये," एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

ती पार पाच वाजेपर्यंत कट्ट्यावर बसून राहिली. मला तिचा भयंकर राग आला होता. सात महिने समोरासमोर बसून ती आमच्याशी खोटं बोलली होती. आणि त्याहून जास्त राग मला माझाच आला होता. पाच वाजून गेल्यावर ती उठली आणि म्हणाली, "चष्मे, माझ्याबरोबर येशील? मला एकटीला जायची भीती वाटते."

मी गेले. दादाने दार उघडलं, आम्ही चढलो. ती नेहमीप्रमाणे त्याच्या मागच्या सीटवर बसली, मी शेजारी. त्याच्या पाठीमागच्या पत्र्यावर 'चालकाशी बोलू नये' असं लिहिलेलं. शेवटच्या स्टॉपपर्यंत पन्नास मिनिटं लागतात. आरशात त्याचे डोळे दिसत होते, आणि ते फक्त रस्त्यावर होते. मला सारखं वाटत होतं की तो कुठेतरी करकचून ब्रेक मारेल, कुणावर तरी खेकसेल. काहीच झालं नाही. म्हाताऱ्यांना उतरायला वेळ दिला, सिग्नलला हळू थांबला. ती माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की घरी गेल्यावर बघते तर तळहाताला तिच्या नखांचे व्रण.

डेपोत गाडी लागली. दादाने कागदावर सही केली, किल्ली जमा केली. बाहेर बाकावर चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यातला एक जण हसून म्हणाला, काय सायंटिस्ट, आज इकडे कुठे? तिच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, रोजचं, शिकवून ठेवल्यासारखं. ती काही उत्तर देणार, तोच दादा बोलला. आवाज चढलेला नव्हता.

"नापास झालीय. चार विषय राहिलेत. परत बसणारे."

एकाने सरकून बाकावर जागा केली. दादाने तिला बसायला सांगितलं आणि चहा आणून हातात दिला. तिने मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी भर लोकांत कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं, आणि लगोलग असंही वाटलं, की आता कुणाला काही सांगायचं उरलं नाही. ती तिथेच रडली. दादा शेजारी बसून राहिला. मग म्हणाला, "मी रोज हॉर्न वाजवायचो. तू रोज हात करायचीस. मला एवढंच सांग, मी तुला मारलं असतं असं वाटलं तुला?"

ती म्हणाली, "नाही. तू काहीच म्हणाला नसतास. त्याचीच भीती वाटली."

नंतरचे अकरा दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. सगळं बोलणं दादाच्या बायकोमार्फत, म्हणजे तिच्या वहिनीमार्फत. वहिनी शेवटी वैतागली आणि म्हणाली, की मी काही या घरातलं पोस्ट ऑफिस नाही, दोघंही आपापल्या तोंडाने बोला. त्यावर दोघं हसले म्हणे, आणि कोंडी फुटली.

माझं तिच्याशी बोलणं चार दिवस बंद होतं. पाचव्या दिवशी लांबू मला हाताला धरून त्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन गेला. ती एका खांबापाशी बसली होती, पुढ्यात भौतिकशास्त्र. लांबू म्हणाला, आपण हिची पिशवी ओढून धरायचो की नाही? मग आता बस इथे. तेव्हापासून परीक्षेपर्यंत आमचा कट्टा तोच. दोन विषय लांबूने घेतले, दोन मी. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग त्यातले एक निवृत्त मास्तर आपणहून तिची गणितं तपासायला लागले. ते इतके कडक होते की लांबू त्यांच्यासमोर पाय आखडून बसायचा.

तिसरा पेपर गणिताचा होता. त्या दिवशी दादाने रजा टाकली आणि साध्या कपड्यांत गेटसमोर झेरॉक्सच्या बाकड्यावर येऊन बसला. आमचे पेपर संपले होते, म्हणून आम्हीही होतो. अर्ध्या तासाने वॉचमन आतून आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, की ती नुसती बसलीय, लिहीत नाहीय, सुपरवायझर म्हणत होते. दादा उठून उभा राहिला. गेटपर्यंत गेला, परत आला. पुन्हा गेला. आत जाता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती. तो गेटच्या गजाला धरून उभा राहिला. आम्ही कुणी त्याच्याकडे बघायला धजत नव्हतो. पाऊण तास झाला, एक तास झाला. मग वॉचमन पुन्हा आत जाऊन आला आणि दुरूनच हाताने लिहिण्याची खूण केली. दादाने गज सोडला आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन तोंड धुतलं.

ती बाहेर आली तेव्हा सांगत होती, की प्रश्नपत्रिका बघून सगळं पांढरं झालं. मग मास्तरांचं एक वाक्य आठवलं, की पहिलं नाही आलं तर शेवटचं सोडवायला घे, गणिताला राग येत नाही. तिने मागून सुरुवात केली.

निकाल लागला त्या दिवशी आम्ही तिघं बरोबर बोर्डापाशी गेलो. तीन विषय सुटले होते. भौतिकशास्त्र चार मार्कांनी राहिलं होतं. तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळत होता, पण पुरता आनंद करावा असंही नव्हतं. ती स्टॉपवर गेली. दादाची बस आली. ती दाराकडे न जाता ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली आणि तिने मान हलवली नाही की डोलावली नाही, तोंडाने सांगितलं.

"तीन सुटले. एक राहिला."

"कुठला?"

"भौतिक. चार मार्कांनी."

मागची मोटार हॉर्न वाजवत होती. दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "चार म्हणजे काही फार नाहीत," आणि दार उघडलं.

भौतिकशास्त्र तिने पुढच्या खेपेला काढलं. तिसरं वर्ष आमच्यामागून एक वर्षाने पूर्ण केलं. आज ती एका औषधांच्या कारखान्यात नमुने तपासते. तिथल्या नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगते, की नमुना बिघडला तर तसं लिहा, मी ओरडणार नाही. आणि बिघडला की ओरडतेच. पाच मिनिटं चांगली ओरडते, मग त्यांच्याबरोबर बसून पुन्हा पहिल्यापासून करते. मुली म्हणतात, ओरडून झालं की बरं वाटतं.